शाफ्टावरचं नाव

भरमाण्णांनी नारळ खांद्याच्या वर नेला होता. आता तो दगडावर आपटायचा, पाणी घाण्यावर शिंपडायचं आणि इंजिनाचं हँडल मारायचं, एवढंच उरलं होतं. गुऱ्हाळघरासमोर सगळी गल्ली जमली होती. तेवढ्यात आमचे मालक घाण्यावर वाकले, शाफ्टावरून अंगठा फिरवला आणि सासऱ्यांना, म्हणजे भरमाण्णांना, म्हणाले,

"मामा, जरा थांबा. घरात कानस असेल का?"

नारळ वरच राहिला. ऐन मुहूर्ताला जावयानं घड्याळ मागितलेलं लोकांनी पाहिलं होतं, सायकल मागितलेली पाहिली होती. कानस मागणारा हा पहिलाच.

"कानस?" भरमाण्णा म्हणाले. "का बरं? नखं वाढल्यात?"

"नाव पुसायचंय."

"कुणाचं?"

"माझं," मालक म्हणाले.

हे ऐकून कुणीही हसलं नाही, ह्यावरून प्रसंग किती गंभीर होता ते लक्षात येईल. आमच्या भागात माणूस दुसऱ्याचं नाव पुसायला टपलेला असतो. स्वतःचं पुसणारा एक तर साधू, नाही तर पळून जाण्याच्या तयारीतला. मालक साधू नव्हते.

मी तेव्हा धातुशास्त्राचा डिप्लोमा घेऊन नुकताच बाहेर पडलो होतो आणि जयसिंगपूरला जिनगोंडा मगदूम यांच्या, म्हणजे ह्या मालकांच्या, भट्टीवर कामाला लागलो होतो. ही भट्टी विटांची नव्हे आणि दारूची तर नव्हेच. लोखंडाला कडकपणा आणायची भट्टी. गियर, पिना, शाफ्ट असलं काय काय लोकांकडून यायचं, ते आम्ही भाजून परत द्यायचो. पण लग्न ठरताना मध्यस्थानं "मुलाची स्वतःची भट्टी आहे" एवढंच सांगितलं होतं. मुलीकडचे जैन, अंडंसुद्धा न बघणारे. सोयरीक पावसाळाभर अडकली. पुढं खुलासा झाला, लग्न झालं, पण भरमाण्णांच्या मनातला संशय गेला नाही. दारू गाळत नाही हे त्यांनी मान्य केलं. मग हा माणूस नक्की काय करतो, हे त्यांना शेवटपर्यंत कळेना. "आमचे धाकटे जावई लोखंड भाजून खातात," असं ते पाहुण्यांना सांगायचे, आणि पाहुणेही सहानुभूतीनं मान हलवायचे.

त्यात मालकांचे साडू, म्हणजे थोरले जावई, आदगोंडा शेडबाळे. बँकेत अधिकारी. ते काय करतात हे सगळ्यांना कळायचं, कारण ते खुर्चीवर बसायचे. शिवाय त्यांना भेटी द्यायची हौस होती. दर दिवाळीला ते सासरी एक भांडं आणायचे आणि त्यावर नाव घातलेलं असायचं. आमच्यात भांडं कुणी दिलं हे भांड्यावरच कोरून ठेवायची पद्धत आहे. माणूस विसरतो, भांडं विसरत नाही. भरमाण्णांच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर डबे, पातेली, पेले, पळ्या, सगळीकडं 'आ. बा. शेडबाळे यांजकडून सप्रेम भेट'. अनोळखी माणसाला वाटावं, हे घर शेडबाळ्यांचं आणि भरमाण्णा चौगुले इथं भाड्यानं राहतात.

आमच्या मालकांच्या नावाचं त्या घरात एकही भांडं नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला त्यांनी सासऱ्यांना पहार दिली होती. स्वतः पाणी दिलेली, खडकात घातली तरी टोक न मोडणारी. पहारेवर नाव घालायचं त्यांना सुचलं नाही. शेजाऱ्यानं ती एकदा मागून नेली ती नेलीच.

मालक ह्याबद्दल कधी बोलायचे नाहीत. पण त्यांच्याबरोबर मी दोन-चारदा तिथं गेलो होतो. सासूबाईंनी पाणी दिलं की मालक पेला हातात घ्यायचे, किंचित फिरवायचे, नाव वाचायचे आणि मग प्यायचे. दर वेळी तेच नाव असायचं. तरी दर वेळी वाचायचे.

आता घाण्याकडं येतो.

भरमाण्णांचं गुऱ्हाळ पंचक्रोशीत नावाजलेलं होतं, पण त्यांच्या घाण्याला एक खोड होती. ऐन हंगामात शाफ्ट दगा द्यायचा. ऊस चिरडणारा मोठा रूळ ज्या दांड्यावर फिरतो, तो हा शाफ्ट. एका वर्षी साधा मऊ शाफ्ट घातला. उसाबरोबर माती येते, वाळू येते, ती रसात कालवली जाते आणि शाफ्टाची टोकं ज्या कड्यांत फिरतात त्या बुशात शिरते. दिवाळीनंतर बघावं तर शाफ्टाची टोकं चोखलेल्या उसासारखी झालेली. पुढच्या वर्षी भरमाण्णा चिडले. "एकदम कडक करा, आरपार कडक," म्हणून गावच्या लोहाराकडून शाफ्ट लाल करून विहिरीच्या पाण्यात बुडवून आणला. तो झिजला नाही. झिजायला वेळच मिळाला नाही. पहिली जाड मोळी आत गेली आणि बांगडी पिचावी तसा पिचला. तोडलेला ऊस फडात वाळत पडला, रस आंबला, गूळ रांधणारा गुळव्या रुसून घरी गेला.

तेव्हा भरमाण्णा भर जेवणात म्हणाले होते, "जावईबापू, तुमच्या भट्टीची एवढी ख्याती ऐकतोय. एक हंगाम काढणारा शाफ्ट करून दावा. मग मी मान्य करतो, की तुम्ही कायतरी करता."

मालकांनी घास खाली ठेवला. "करतो," म्हणाले.

परत येताना ते मोटारसायकल अशी चालवत होते की मला वाटलं, शाफ्ट वाटेतच तयार होणार. "डिप्लोमा," ते वाऱ्यातून ओरडले, मला ते ह्याच नावानं हाक मारायचे, "कातडं कडक, पोट मऊ. दुसरा इलाज नाही."

मग आम्ही तो शाफ्ट केला. चांगलं पोलाद आणलं, कातलं, घासलं. कोळशाच्या भुकटीत पुरून लोखंडी पेटीत बंद केलं आणि पेटी भट्टीत सारली. लालभडक उष्णतेत कोळशातला कार्बन पोलादाच्या कातडीत मुरतो, लोणच्यात मीठ मुरावं तसा, हळूहळू आणि वरवरच. पोटापर्यंत जात नाही. मग बाहेर काढून तेलात बुडवायचं. कातडी कडकडीत होते, वाळू तिला खाऊ शकत नाही. पोट मऊ राहतं, धक्का पचवतं. बुशात फिरणाऱ्या टोकांना आम्ही असं कातडं चढवलं. बुशाच्या बाहेर, दातेरी चाक बसतं तिथला वीतभर पट्टा मात्र माती लिंपून मऊच ठेवला होता, कारण चाक जागेवर घट्ट धरणारी चावी बसवायला तिथं मागाहून खाच पाडायची होती.

भरमाण्णा एकदा ते बघायला भट्टीवर आले. मालकांनी त्यांना समजावलं. ते ऐकून म्हणाले, "बाहेरून कडक, आतून मऊ. म्हंजे शिळी भाकरी."

"शिळी भाकरी आतूनही कडक असते, मामा. ही ताजी."

"ताजी भाकरी घाण्यात घालणार तुम्ही."

ह्यातली खरी गंमत मात्र मालकांनी सासऱ्यांना सांगितली नाही, मला सांगितली. कार्बन मुरलेली कातडी फुगायला बघते आणि पोट तिला फुगू देत नाही. मग ती कायमची आवळून, कोंबून राहते. जयसिंगपूरहून इचलकरंजीला जाणारी बाजाराच्या दिवशीची एस.टी. आठवा. दारापर्यंत माणसं ठासलेली. मधे बोट घालायला फट नाही. अशा गाडीला कितीही हिसके बसू देत, दोन माणसांत अंतर पडत नाही. पोलादाला तडा जायचा तर आधी कुठं तरी फट पडावी लागते. ठासलेल्या कातडीत ती पडत नाही. म्हणजे ज्या कातडीमुळं शाफ्ट झिजत नाही, तिच्यामुळंच तो थकतही नाही. मालक हे सांगताना इतके खुलले होते, की चहा माझ्या बशीत ओतायच्या ऐवजी त्यांनी टेबलावर ओतला.

शाफ्ट गेला, घाण्यात बसला, मुहूर्त ठरला. आम्ही दोघं कडक इस्त्रीचे कपडे घालून गेलो. शाफ्टाच्या बाहेर दिसणाऱ्या भागावर लाल कापड गुंडाळलेलं होतं. मालकांच्या सासूबाई, पद्माक्का, नऊवारी सावरत पुढं आल्या. एरवी ह्या बाई जावयासमोर दोन वाक्यांवर बोलत नसत. त्या दिवशी त्यांचा चेहरा नुसता फुलला होता.

"जावईबापू, बगा," म्हणाल्या, आणि कापड ओढलं.

मऊ ठेवलेल्या त्या पट्ट्यावर ठसठशीत अक्षरात कोरलं होतं: 'जि. आ. मगदूम यांजकडून सप्रेम भेट'.

"तुमच्या नावाचं एक बी भांडं न्हाई आमच्याकडं," पद्माक्का म्हणाल्या. "म्हटलं, एवढं मोठं दिलं, त्याच्यावर तरी नाव पायजे. वामन कासाराला खास बोलावलं."

वामन कासार शेजारीच उभा होता. बाजारात भांड्यावर नावं घालणारा कारागीर. तो म्हणाला, "लई तरास दिला तुमच्या लोखंडानं. टोकाला सुरुवात केली तर छिन्नीच बोथट. मग जरा आत सरकलो. तिथं लोणी होतं. बसवली मग अक्षरं. मी नाव घातलं की खोल घालतो, साहेब. पिढ्या जातात, अक्षर जात न्हाई."

मी मालकांकडं पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले होते. इतकी वर्षं पेले फिरवून जे वाचायचं होतं, ते आज सगळ्या गावासमोर, घाण्याच्या दांड्यावर, घासून न जाणाऱ्या अक्षरात. मालकांनी हळूच हात पुढं केला आणि नावावरून अंगठा फिरवला. मायेनं फिरवताहेत असं वाटलं. दुसऱ्यांदा फिरवला तेव्हा अंगठ्याचं नख 'आ'च्या कान्यात अडकलं.

आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा जावई गेला. भट्टीवाला आला.

भरमाण्णांनी नारळ उचलला तो ह्याच वेळी, आणि मालकांनी पुन्हा वाकून अंगठा फिरवला आणि कानस मागितली.

"पुसायचं का पण?" भरमाण्णांनी आता नारळ खाली घेतला. "चूक झालीया काय अक्षरात?"

"नाही, मामा. अक्षर सुंदर आहे. खोल आहे. तेच वाईट आहे."

"म्हंजे?"

"हा शाफ्ट फिरतो. एका बाजूला चाकाचा ओढा आहे, तो त्याला वाकवायला बघतो. फिरताना वरची बाजू खाली जाते, खालची वर येते. म्हणजे प्रत्येक फेऱ्याला तो एकदा दाबला जातो, एकदा ताणला जातो. तार इकडं-तिकडं वाकवून आपण तोडतो, तसं. शाफ्ट गुळगुळीत असेल तर सहन करेल. पण हे अक्षर म्हणजे चीर आहे. सगळा ताण तिच्यात गोळा होणार."

"मोडंल?"

"मोडेल."

"कवा?"

हा प्रश्न वाईट होता, कारण त्याचं खरं उत्तर हास्यास्पद होतं. "सांगता येत नाही," मालक म्हणाले. "आज चालेल. उद्याही चालेल. बाहेरून काही दिसणार नाही. पण मोडला तर इथंच मोडणार, आणि ऊस घालणाऱ्याचा हात तिथून हातभर अंतरावर असतो."

गर्दीत कुजबुज झाली. पारावरचा एक म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला, आणि हळू म्हणाला असं त्याला वाटलं, "कळलं न्हवं? मोडणार हाय. मोडल्यावर नाव नको म्हणून आत्ताच पुसतोय."

सगळे हसले. मघाशी न हसलेलेही हसले, आणि त्या हसण्यात थोरले जावई शेडबाळे ह्यांचं रुमालाआडचं हसू मला स्पष्ट ओळखू आलं.

भरमाण्णा हसले नाहीत. त्यांनी नारळ काखेत घेतला. "जावईबापू, सरळ इच्यारतो. तुमचा तुमच्या मालावर इश्वास हाय का न्हाई?"

"आहे."

"मग नाव ऱ्हाऊ द्या."

"विश्वास आहे म्हणूनच पुसतो, मामा."

ह्या वाक्याचा अर्थ तिथं दोनच माणसांना कळला. एक मालक, दुसरा मी. आणि मला कळला ह्याला कुणी किंमत देत नव्हतं.

"मामी," मालक सासूबाईंकडं वळले, "नाव भांड्यावर घाला की. मला आवडेल."

"भांडं दिलंय कुठं तुम्ही?" भरमाण्णा म्हणाले.

पद्माक्कांनी लाल कापडाची घडी घातली, मग त्या घडीची आणखी घडी घातली, आणि घरात निघून गेल्या. मालक तिकडं बघत राहिले. मी मनात म्हटलं, आता हा माणूस माघार घेणार. कुणीही घेतली असती. सासू रुसली, सासरा खवळला, गाव हसतंय, आणि शाफ्ट काही आज मोडत नाही.

मालकांनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या. कानस कुणी दिली नाही, म्हणून मोटारसायकलच्या डिकीतली काढली. नवी कोरी पँट घालून गुडघ्यावर बसले आणि आडवी नाही, उभी, शाफ्टाच्या लांबीच्या दिशेनं कानस मारायला लागले. आडवा ओरखडासुद्धा चीरच ठरतो. आधी 'सप्रेम' गेलं. मग 'भेट'. 'मगदूम' खोल होतं, त्याला वेळ लागला. मी पॉलिश पेपर घेऊन मागोमाग घासत होतो. गाव बघत होतं. आयुष्यात मी पुष्कळ कामं केली, पण माझ्या कामाला इतके प्रेक्षक पुन्हा कधी मिळाले नाहीत.

नाव पूर्ण गेल्यावर मालकांनी गोल डोक्याची हातोडी काढली आणि त्या मऊ पट्ट्यावर टकटक, टकटक, एकसारख्या टिचक्या मारायला सुरुवात केली. तांबट घागरीवर ठोके घेतो तसं. इथं कार्बनची कातडी नव्हती ना, म्हणून ठोकून ठोकून वरचा थर दाबायचा, ठासायचा. एस.टी.त कंडक्टर "पुढं सरका" म्हणून ढकलतो, तोच प्रकार.

वामन कासाराला हे सहन होईना. "साहेब, मी घातलेलं नाव खोडलं ते खोडलं, आता हे मठारकाम कशापायी? घागर करताय काय त्याची?"

"थापटून झोपवतोय त्येला," पारावरचा म्हातारा म्हणाला.

काम संपलं. भरमाण्णांनी नारळ फोडला, जरा जास्तच जोरात. इंजिन सुरू झालं, पट्टा चढला, शाफ्ट फिरला. मोळ्या आत जाऊ लागल्या आणि रस असा धो धो पडला की मघापासून हसणारी माणसं पेले घेऊन पुढं धावली. काय सुरेख फिरत होता तो. ना आवाज, ना थरथर. मी मालकांना म्हटलं, "बघा." ते शाफ्टाकडं बघत नव्हते. स्वयंपाकघराच्या दाराकडं बघत होते.

संध्याकाळी रस आटवायची काहील चुलाणावरून उतरली. त्या घरात पहिल्या ढेपेचा पहिला खडा जावयाच्या हातावर ठेवायची रीत होती. शेडबाळे हात पुढं करूनच बसले होते. भरमाण्णांनी तो त्यांना दिला. आम्हाला दुसऱ्या ढेपेचा मिळाला. गूळ तोच होता.

हंगाम निम्मा सरला, आणि भट्टीवर निरोप आला: 'तुमचा शाफ्ट मोडला. येऊन घेऊन जा.'

वाटेत मोटारसायकल इतकी सावकाश चालली होती की सायकलवाले पुढं जात होते. मी एकदा विचारलं, "मालक, आपलं काय चुकलं असेल?" ते आठवत होते. पोलाद, पेटी, तेल, खाचेचे कोपरे. सगळं पुन्हा मनात भाजत होते.

गुऱ्हाळघरापाशी पुन्हा गर्दी. शेडबाळेही होते, रविवार होता. घाण्याच्या पुढ्यात शाफ्टाचे दोन तुकडे पडलेले, काळ्या ग्रीसनं माखलेले.

"कुणाला लागलं का?" मालकांनी पहिलं हे विचारलं.

"न्हाई," भरमाण्णा म्हणाले. "इंजिन चालू करताना मोडला. ऊस घालायला कुणी गेलं नव्हतं." मग थांबून, "तुम्ही म्हटला हुता मोडंल. शब्दाला पक्के निघाला."

लोक हसले. मालक खाली बसले आणि मोठा तुकडा त्यांनी मांडीवर घेतला. आधी टोक पुसलं, बुशात फिरणारं. फडक्याखालून लख्ख आरसा निघाला. निम्मा हंगाम वाळूतून फिरून त्यावर साधा चरा नव्हता. मग मोडलेलं तोंड पुसलं, उन्हाकडं धरलं, आणि मला म्हणाले, "डिप्लोमा, इकडं ये. लवकर."

त्यांचा आवाज बदलला होता.

मोडलेल्या तोंडावर थोडासा भाग मिठाच्या खड्यासारखा खरबरीत होता, तो शेवटच्या क्षणी तुटलेला. बाकीचा गुळगुळीत, आणि त्यावर बारीक कमानदार रेषा. कृष्णेचं पाणी ओसरताना घाटाच्या पायऱ्यांवर गाळाच्या रेघा राहतात ना, तशा. तडा एका दिवसात जात नाही. रोज थोडा पुढं सरकतो, थांबतो, पुन्हा सरकतो, आणि प्रत्येक मुक्कामाची रेघ मागं ठेवतो. आणि त्या सगळ्या कमानी एकाच ठिकाणाभोवती होत्या. पाण्यात खडा टाकावा आणि त्याच्याभोवती वर्तुळं उठावीत, तशा.

"खडा कुठं पडला?" मालक म्हणाले. "शोध."

मी रेघांवरून बोट मागं मागं नेत गेलो. मोठी कमान, लहान कमान, त्याहून लहान. बोट कडेला येऊन थांबलं. त्या कडेवरच्या ग्रीसचा थर मालकांनी फडक्यानं पुसला. खाली काही तरी खोल होतं. आणखी पुसलं. गर्दी पुढं सरकली. भरमाण्णाही वाकले.

काळ्या ग्रीसमधून अक्षरं वर आली: 'आ. बा. शेडबा'.

मी झडप घालून दुसरा तुकडा उचलला आणि पुसला. त्यावर 'ळे यांजकडून सप्रेम भेट'.

मग सगळे एकदम थोरल्या जावयाकडं वळले.

"रिकामी जागा दिसली," शेडबाळे म्हणाले. "छान घासलेली, चकचकीत. वाईट दिसत होती नुसती. आणि इंजिनाचा पट्टा मीच दिला होता ना. आता पट्टा चामड्याचा, त्याच्यावर नाव घालता येत नाही, म्हणून जवळच्या लोखंडावर घातलं. गेल्या महिन्यात. रविवारीच."

भरमाण्णांनी दोन्ही तुकडे हातात घेतले. एकमेकांना जोडले. नाव पूर्ण झालं. सोडले. नाव मोडलं. असं त्यांनी दोन-तीनदा केलं. मग म्हणाले, "वामनला बोलवा."

वामन कासार आला, त्यानं तुकडे निरखले आणि मनापासून म्हणाला, "बघा अण्णा. मोडलं, पण पुसलं न्हाई."

मी मालकांकडं बघत होतो. बोला, मी मनात म्हणत होतो. आता बोला. इतक्या वर्षांचं सगळं बोला. गावही त्याचीच वाट बघत होतं. पारावरचा म्हातारा तर नीट ऐकू यावं म्हणून पुढं येऊन बसला होता. मालक उठले, हात पुसले.

"नवा करून देतो, मामा," म्हणाले. "पेटी तयारच आहे. तेवढं कासाराला हंगाम संपेपर्यंत चहा घरातच द्या. घाण्यापाशी नको."

नवा शाफ्ट करताना आम्ही भट्टीसमोरून हललो नाही. फडात तोडलेला ऊस वाट बघत होता. मालक शीळ घालत होते. ते शीळ घालतात हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. तेलात बुडवल्यावर जो फुत्कार झाला, त्याला त्यांनी "वा" म्हणून दाद दिली, बैठकीत गायकाला देतात तशी. मऊ पट्ट्यावर ठोके आम्ही भट्टीवरच, दोघांनी मिळून घेतले. शाफ्ट बसवला त्या दिवशी नारळ नव्हता, गर्दी नव्हती. घाणा लावला आणि ऊस घातला. तो शाफ्ट तो हंगाम फिरला, पुढचाही फिरला, आणि त्यानंतर मोजायचं कुणी मनावर घेतलं नाही.

नवा शाफ्ट बसवला त्याच संध्याकाळी काहील उतरली. ढेप निवाली. शेडबाळे सवयीनं पुढं सरकून बसले. भरमाण्णांनी ढेप फोडली, पहिला खडा उचलला आणि त्यांच्यावरून हात पुढं नेऊन आमच्या मालकांच्या पंजावर ठेवला.

"धरा, जावईबापू," म्हणाले. "ह्येच्यावर कुणाचं नाव घातलेलं न्हाई."

मालकांनी तो तोंडात टाकला. आतून अजून गरम होता. डोळ्यांत पाणी आलं ते त्यामुळंच, असं ते मला पुढं कित्येक वर्षं सांगत असत.

मग पद्माक्का पाणी घेऊन बाहेर आल्या. मुहूर्ताच्या दिवसानंतर त्या मालकांसमोर आल्याच नव्हत्या. मालकांनी पेला घेतला, किंचित फिरवला आणि थबकले. मी मान वाकडी करून वाचलं. नवा पेला होता. अक्षर वामन कासाराचंच, खोल, ठसठशीत: 'जि. आ. मगदूम यांजकडून सप्रेम भेट'.

"मामी, हा मी कधी दिला?"

पद्माक्कांनी पदर सावरला. "त्याचं तुम्हाला काय करायचंय?" म्हणाल्या, आणि मग जरा काळजीनं विचारलं, "पेल्यावर चालतंय न्हवं? पेला काय फिरत न्हाई."

मालकांनी अक्षरांवरून अंगठा फिरवला. नख अडकलं.

"चालतंय, मामी," ते म्हणाले, आणि प्याले.